सगळे बाहेर?

कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपले संचालक माननीय धाकटे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले युनियनचे सन्माननीय सेक्रेटरी, ऑफिसातले अधिकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या पैलवानांच्या पत्नी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी, तिन्ही पाळ्यांचे कामगार बंधू-भगिनी, आणि अगदी शेवटी दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले, ज्यांना छापील निमंत्रण गेलं नव्हतं, ते माझे एकट्याचे पाहुणे, आपणा सर्वांना नमस्कार.

मी भाषण लिहून आणलं आहे. चौतीस वर्षांत मी इथे चिठ्ठ्या, अहवाल आणि ताकीदपत्रं सोडून काहीही लिहिलेलं नाही, हे ताकीदपत्रं मिळालेली मंडळी जाणतातच. (हसू नका, तुमच्या पत्रांच्या नकला माझ्याकडे आहेत.) पण गेल्या आठवड्यात दोन कागद माझ्या हाती आले आणि त्यांनी मला लिहायला भाग पाडलं. पहिला कागद माझ्या निवृत्तीचं आजचं मानपत्र. त्यात लिहिलंय की बाईंनी, म्हणजे मी, आपल्या पाळीला एक कुटुंब म्हणून बांधून ठेवलं. दुसरा कागद फलकावर लागलेली सूचना. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून स्विचवर प्रत्येकाने वेगळं कुलूप लावणं बंद. एक पाळी, एक चावी. आता चावीच्या जागी कार्ड असेल, एवढीच सुधारणा.

हे दोन्ही कागद एकाच आठवड्यात हाती आले, आणि गप्प बसून फुलांचा गुच्छ घेऊन घरी जाणं मला जमेना.

नव्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे रद्दीचा लगदा करणारी टाकी आहे. पुरुषभर खोल नाही, दोन पुरुष खोल. तळाला पातं. रद्दीच्या गठ्ठ्यांच्या तारा त्या पात्याला गुंडाळल्या जातात, आणि त्या कापायला माणसाला टाकी रिकामी करून आत उतरावं लागतं. उतरण्याआधी तो मुख्य स्विचवरच्या सहा भोकांच्या लोखंडी पट्टीत स्वतःचं कुलूप अडकवतो. चावी स्वतःच्या कमरेला. सहा जण उतरले तर सहा कुलपं. पाच जण बाहेर आले तरी सहावं कुलूप निघेपर्यंत वीज सोडता येत नाही. साहेबांनाही नाही. देवाने सांगितलं तरी नाही.

पद्धत चांगली होती, पण तिचा त्रास होता. आमचा एक बॉयलरवाला कमरेची चावी घेऊन थेट दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्याच्या तोंडात डॉक्टरांची हत्यारं, बाहेर आमचा माणूस ओरडतोय, "चावी! चावी!", आणि याला बोलता येईना. दोन तास कारखाना उभा. त्या दिवसापासून तेव्हाच्या मालकांचं, मोठ्या साहेबांचं, डोकं सणकलं. तेव्हा पाळ्यांमध्ये उत्पादनाच्या ढालीची चुरस होती, आणि सेक्रेटरींनाही कुलपं नकोशी झाली होती. कँटीनमध्ये सभा झाली. मोठे साहेब आणि सेक्रेटरी आयुष्यात प्रथमच एका टेबलाच्या एकाच बाजूला बसले. सेक्रेटरी, तुम्ही मान हलवताय, म्हणजे आठवतंय. मालक आणि युनियन एका बाजूला दिसले की माणसाने आपण कुठे उभे आहोत ते आधी तपासावं. मी तपासलं नाही.

ठराव आला. प्रत्येक पाळीला एक कुलूप, चावी पाळीप्रमुखाकडे. आपण एक कुटुंब आहोत, घराला किती कुलपं लावायची? टाळ्या. हात वर करा म्हटल्यावर एकेचाळीस हात वर गेले, आणि पाळीप्रमुखांचे तीन. त्यातला एक माझा होता.

एक हात खाली राहिला. फिटरचा. त्याला सगळे खुंटा म्हणत. नाव शोभायचं. हा माणूस गुणी होता असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. कुणाच्या वाढदिवसाला वर्गणी द्यायचा नाही. स्वतःचा चहा स्वतःच्या बाटलीतून प्यायचा आणि कुणाला विचारायचा नाही. "काय खुंटा, कसं काय?" म्हटलं तर "कशाचं?" असं विचारायचा. मलासुद्धा तो डोक्यात जायचा.

सभेनंतर मी त्याला खोलीत बोलावलं. म्हटलं, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का रे?"

"आहे की, बाई."

"मग अडलंय कुठे?"

"विश्वासाच्या माणसाकडे छत्री ठेवतात, बाई. मान ठेवत नाहीत."

"एकट्यासाठी तेरा जणांनी ताटकळायचं?"

"हो," तो म्हणाला. "आणि त्या तेरांपैकी कुणीही आत असेल तेव्हा मी ताटकळीन. एक शब्द बोलणार नाही. बोललोय कधी?"

बोलला नव्हता. आमच्या सगळ्यांत तो एकटाच असा होता, की दुसऱ्याचं कुलूप लटकलेलं असताना त्याने कधी "आटप रे" म्हटलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं असतं, तर मी पुढचं भाषण ऐकवलं नसतं. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले. व्यक्तिवादावर निबंध लिहिला होता आणि त्यात ठासून म्हटलं होतं की व्यक्तिवाद म्हणजे इस्त्री केलेला स्वार्थ. त्या वाक्यासाठी सरांनी मला वर्गापुढे उभं करून शाबासकी दिली. तेच वाक्य मी खुंट्याला ऐकवलं. तो म्हणाला, "असेल, बाई. मी सातवी." आणि गेला.

ठरावानंतरही तो उतरताना स्वतःचं कुलूप लावत राहिला. पाळीचं एक, याचं एक. त्याचं कुलूप शेवटी निघायचं, कारण तो पातं हाताने फिरवून दोनदा बघायचा. तीन आठवडे आमच्या पाळीची ढाल थोडक्यात हुकली. मग एका मंगळवारी पैलवान माझ्या खोलीत आले. आपल्या वहिनींचे यजमान. पाळीतले सर्वांत ताकदवान, सर्वांत हसरे, आणि खरं सांगायचं तर माझे सर्वांत लाडके. म्हणाले, "बाई, मोठा कटर द्या."

हत्यारांचं कपाट माझ्या खोलीत. चिठ्ठीशिवाय साधा पाना बाहेर जात नसे. मी विचारलं, "कशाला?"

"तार कापायला."

त्या दिवशी टाकी भरलेली होती आणि चालू होती. कापायला तार नव्हती. मला माहीत होतं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'तार कापणे', आणि सही केली.

वहिनी, हे मी काल तुमच्या घरी येऊन तुम्हाला आधी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बोला. त्यांचे हात त्यांचेच होते." म्हणून बोलते आहे.

कपडे बदलायच्या खोलीत आठ जण होते. खुंट्याचं कुलूप त्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर कापलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण तो म्हणाला, "उद्या दुसरं आणीन." मग एकाने ओला टॉवेल त्याच्या तोंडावर आवळला. दोघांनी पाय धरले. पैलवानांनी त्याचा उजवा हात लोखंडी कपाटाच्या चौकटीत ठेवला आणि दार लाथेने मिटलं. एकदा नाही. कुणीतरी मोजत होतं, हसत हसत, पाळीच्या नावाने जयजयकार करत. दार चौथ्यांदा मिटलं तेव्हा मी तिथे पोचले होते. टॉवेलच्या वर त्याचे डोळे दिसत होते. त्यांनी मला पाहिलं.

मी काय केलं? ओरडले? मध्ये पडले? माझी ख्याती काय आहे? बाईंच्या एका आवाजाने पाळी उभी राहते. मी खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेरून. कारण समोर ऑफिस होतं आणि आवाज तिथवर जात होता.

तीन बोटं मोडली. अहवालात 'कपाटात हात सापडला' असं आलं. तेही माझ्याच अक्षरात.

आता पुढच्या सोमवारचं ऐका. तारा कापणं हे फिटरचं काम. फिटरचा हात प्लास्टरमध्ये. मग त्याच्या जागी कोण उतरणार? ज्याच्या मनगटात तेवढा जोर आहे तो. पैलवान. दुपारचे पावणेतीन वाजले होते, पाळी संपायला पंधरा मिनिटं. सहा जण उतरले, पाळीचं एक कुलूप लावून. चावी माझ्या खिशात. काम झालं, सहाही जण वर आले. पैलवान वर येऊन थबकले आणि आमच्या पाळीतल्या चष्मेवाल्याला म्हणाले, "च्यायला, कटर खालीच राहिला. बाई जीव घेतील." आणि परत उतरले.

कारण कटरची चिठ्ठी बंद व्हायची होती. पाळी संपायच्या आत हत्यार परत, हा नियम माझा.

चष्मेवाल्याने हे ऐकलं आणि तो नळावर हात धुवायला गेला. मी स्विचपाशी आले. कुलपात चावी घातली आणि नेहमीसारखं विचारलं, "सगळे बाहेर?"

"सगळे!"

बारा गळ्यांतून एक आवाज. छान, दमदार. चष्मेवालासुद्धा नळावरून ओरडला, "सगळे!" चौकशीत त्याला विचारलं, अरे, तुझ्या कानावर तर पडलं होतं. तो म्हणाला, "बाईंनी मला कुठे विचारलं? सगळ्यांना विचारलं." मंडळी, त्या माणसाला आपण वर्षभर टोचून खाल्लं. पण त्याच्याइतकं खरं उत्तर त्या चौकशीत दुसऱ्या कुणीही दिलं नाही.

मी खटका वर केला.

पात्याचा आवाज तुम्ही रोज ऐकता. तो आवाज तारेवर कसा होतो ते माहीत आहे. लाकडावर कसा होतो तेही. त्या दिवशी तो वेगळा झाला, आणि त्यावर एका माणसाचा आवाज होता, फार थोडा वेळ. नऊ सेकंद यंत्र चालू राहिलं. माझा हात खटक्यावर होता आणि हलत नव्हता. बंद केलं ते खुंट्याने. तो रजेच्या अर्जावर सही घ्यायला आला होता. प्लास्टरचा हात गळ्यात, त्याने कोपराने लाल बटण ठोकलं.

मग एक गोष्ट घडली. लोक टाकीकडे धावले आणि खुंटा टाकीकडे न जाता स्विचकडे आला. खिशातून नवं कुलूप काढलं. कुणीतरी किंचाळलं, "अरे, कुलपाला वेळ आहे का आता!" त्याने डाव्या हाताने कुलूप पट्टीत घातलं, दाबलं, चावी दातांत धरली आणि उतरला. एका हाताने. ज्यांनी त्याची बोटं मोडली त्यांना बाहेर काढायला. पाठोपाठ आणखी पाच जण उतरले. आणि काय सांगू, त्या गोंधळात एकेक माणूस आधी पळत जाऊन कुलूप घेऊन आला. कुणी सायकलचं, कुणी डब्याच्या कपाटाचं. कुणी सांगितलं नव्हतं. सहाही भोकं भरली.

पैलवान गुडघ्यांखाली उरले नव्हते. कटर त्यांच्या हातात होता. वरच्या कड्याशी आणेपर्यंत ते बोलत होते. खुंट्याला म्हणाले, "तुझं लावलंस ना?" तो म्हणाला, "लावलं." इस्पितळाच्या दारात गेले.

चौकशीचा निष्कर्ष माझ्या कपाटात आहे. चाळीस पानं. 'सामूहिक अनवधान.' चाळीस पानांत एक माणूस सापडत नाही. सगळ्यांनी चूक केली, म्हणून कुणालाही शिक्षा झाली नाही. सगळ्यांनी मारलं होतं, म्हणून कुणी मारलंच नव्हतं. मी अकरा वर्षं या शब्दाच्या आडोशाला राहिले. कुलपं परत आली, ती मी आणली असं मानपत्रात लिहिलंय. खोटं आहे. ती त्या दिवशीच पट्टीवर लटकली होती, मी फक्त काढू दिली नाहीत. खुंट्याने महिनाभराने राजीनामा दिला आणि गेला.

तेराव्या दिवशी वहिनींनी मला विचारलं होतं, "बाई, बाहेर आलेत म्हणून कोण म्हणालं?"

मी म्हटलं, "सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

  वहिनी, त्याचं उत्तर आज देते. मी. चावी माझ्या हातात होती आणि मी मोजलं नाही. आणि दाराजवळ बसलेल्या माझ्या पाहुण्यांना सांगते, इथल्या सगळ्यांसमोर. कटरच्या चिठ्ठीवर सही माझी. खोलीचं दार ओढलं ते मी. तुमचे डोळे मी पाहिले होते. मी चुकले असं म्हणणं फार स्वस्त होईल. मी घाबरले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे मला मनातून बरं वाटलं होतं.

आता कुणी म्हणेल, बाई युनियनवर उठल्या. मुळीच नाही. सेक्रेटरींनी लढून बायकांसाठी वेगळी मोरी मिळवली, त्याआधी आम्ही काय करायचो ते विचारायची तुमची छाती होणार नाही. एकट्याने ते झालं नसतं. एकत्र येऊन मागा, एकत्र येऊन भांडा. पण दुसऱ्याच्या जिवाचं 'हो' एकत्र येऊन देता येत नाही. ते ज्याचं त्यानेच द्यायचं असतं. तो चिकट असो, चहा न पाजणारा असो. एकेचाळीस हात वर गेले म्हणून बेचाळिसाव्याची मान आपली होत नाही. मी कॉलेजात लिहिलेलं ते वाक्य आज खोडते. स्वार्थी माणूस म्हणतो, माझ्यापुरतं बघा. खुंटा म्हणत होता, माझ्यासाठी थांबा, मी प्रत्येकासाठी थांबीन. आणि याची दुसरी बाजू कुणाला आवडत नाही. जमावाला लाथ मारता येत नाही. लाथ पायाने मारतात आणि पाय कुणाचा तरी असतो.

धाकटे साहेब, तुम्ही दोनदा घड्याळाकडे पाहिलंत. तुम्हाला वाटतंय यंत्र समारंभासाठी थांबलंय. तीन वाजता ते मी थांबवलं. पट्टीत या क्षणी एक कुलूप आहे, माझं. चावी माझ्या पर्समध्ये. माझी नोकरी पाचला संपते. याला अडवणूक म्हणाल तर म्हणा, आहेच.

या टेबलावर बेचाळीस कुलपं आहेत, प्रत्येकाचा क्रमांक कोरलेला. सूचना राहावी की जावी यावर हात वर करायला मी सांगणार नाही. एकेकाने यायचं. हवं असेल त्याने स्वतःचं कुलूप उचलायचं आणि सूचनेखाली विरोधाची सही करायची. नको असेल त्यानेही यायचं आणि 'नको' म्हणायचं, स्वतःच्या तोंडाने, माझ्याकडे बघून. मागून ओरडलेलं धरलं जाणार नाही.

ज्यांनी हा समारंभ मांडला, खुर्च्या लावल्या, माईक दोनदा बंद पडला तो दोनदा सुरू केला, त्या प्रत्येकाची मी वेगवेगळी आभारी आहे. इतकी वर्षं माझा आवाज सोसलात त्याबद्दलही. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर क्षमा करा. ज्याला लागायला हवं होतं त्याला लागलं असेल, तर त्याची क्षमा मी मागत नाही. नमस्कार.

हस्तांतराची नोंद, त्याच दिवशी, माझ्या हाताने

कुलपं बेचाळीस. छत्तीस ज्याची त्याला दिली. दोघे रजेवर, त्यांची कपाटात ठेवली. चौघांनी नको म्हटलं. तिघांनी कारण दिलं, चौथ्याने दिलं नाही. मी विचारलं नाही.

सूचना फलकावरून कुणी काढली नाही. तिच्याखाली छत्तीस सह्या आहेत. शेवटची चष्मेवाल्याची.

सेक्रेटरी मंचावरून खाली उतरले नाहीत. धाकटे साहेब उतरले आणि माझंही द्या म्हणाले. त्रेचाळिसावं नव्हतं. उद्या मागवून देतो म्हणाले. आपलं आपण आणा, असं सांगितलं.

मानपत्र परत केलं. फुलं वहिनींना दिली.

हत्यारांचं कपाट नव्या पाळीप्रमुखांना, मोजून. मोठा कटर एक, चिठ्ठी बंद.

कापलेलं कुलूप एक, अकरा वर्षं माझ्या खणात होतं, ते ज्याचं त्याला दिलं. त्याने डाव्या हातात घेतलं आणि विचारलं, "चिठ्ठी?" 'तार कापणे' लिहिलेली, माझ्या सहीची चिठ्ठीही दिली. घडी करून खिशात ठेवली.  चहा दिला तर बाटली काढून दाखवली.

माझं कुलूप कुणाला दिलं नाही. पाचला आठ मिनिटं कमी असताना यंत्रापाशी गेले. पाळीतल्या प्रत्येकाला नावाने विचारलं, बाहेर आहेस का. चौदा वेळा विचारलं. चौदा वेळा 'हो' ऐकलं. मग काढलं.